लव्हाळी काढल्यानंतर

४ मार्च

तळ्याचं काम मला मिळालं! सही करताना तळहाताला घाम आला होता, पण नगरपालिकेच्या साहेबांच्या ते लक्षात आलं नसावं. एवढी वर्षं कुंड्या विकल्या, लोकांच्या गच्च्या सजवल्या, हॉलवाल्यांना झाडं भाड्याने दिली. अख्खा काठ हिरवा करायचं काम आयुष्यात पहिल्यांदाच. नाला जिथे तळ्याला मिळतो तो सगळा दलदलीचा कोपरा साफ करायचा, तिथे लॉन, फिरायला रस्ता, बसायला बाकं.

घरी आले तर हे पलंगावर पडलेले. डायलिसिसचा दिवस होता, परत आले की पिळून टाकलेल्या कपड्यासारखे होतात. तरी उठून बसले. म्हणाले, "म्हणजे आता तू कॉन्ट्रॅक्टर. तुझा बोर्ड मलाच रंगवावा लागणार. घरचं गिऱ्हाईक म्हणजे कायमची उधारी."

दुकानांचे बोर्ड रंगवणं हा ह्यांचा धंदा. दोन वर्षांपूर्वी किडन्या गेल्या, तेव्हापासून शिडीवर चढणं बंद. एक दिवसाआड सेंटरला नेते, चार तास मशीन. तेवढं सोडलं तर माणूस तोच आहे.

उद्यापासून डोक्यात शंभर गोष्टी असतील, म्हणून ही वही. कुणी वाचायची नाही.

११ मार्च

जेसीबी आला. पाणकणसं आणि लव्हाळी माणसाच्या डोक्याहून उंच होती, मुळांची तर गादीच झालेली. ओढून काढली की खालून सडक्या अंड्यासारखा वास. पाणकोंबड्या ओरडत तळ्याच्या मध्यावर गेल्या आणि तिथेच तरंगत राहिल्या.

हे टेम्पोत बसून बघत होते. गंमत त्यांनीच दाखवली. नाल्याच्या बाजूला पाणी काळं आणि फेसाळ, लव्हाळ्यांच्या पलीकडे तळ्यात अगदी निवळशंख. मी साहेबांना म्हटलं, तर म्हणाले, "बघा ना, एवढी घाण या जंगलाने अडवून धरली आहे. काढून टाका एकदाची. पाणी मोकळं वाहू दे." मला पटलं. तुंबलेली मोरी मोकळी केल्यावर बरं वाटतं, तसंच वाटलं.

३० मार्च

लॉन धरलं! नाल्याला सरळ, दगडी कड केली आहे, पाणी आता वळसे न घेता थेट तळ्यात पडतं. संध्याकाळी लोक फिरायला यायला लागले. एक बाई थांबून म्हणाली, "इथे पूर्वी नाकाला रुमाल लावून जायचो." रात्री मला झोपेत हसू येत होतं, असं हे म्हणतात.

उन्हाळा मात्र आत्ताच आग ओकतोय. गेल्या वर्षीही पाऊस अर्धाच झाला होता.

१९ एप्रिल

गवताला रोज दोनदा पाणी, तेही तळ्यातूनच उपसून. तरी पिवळं पडतं. युरिया वाढवला. पाण्याबरोबर थोडा वाहून जातो, इलाज नाही.

तळं खूप खाली गेलं आहे. गावाला नळाचं पाणी चौथ्या दिवशी. सेंटरला तेवढ्यावर कसं भागणार, म्हणून तिथे टँकर येतो, तोही तळ्यावरच भरलेला. तिथले मशीनवाले भाऊ मात्र कुरकुरत होते. पाणी साफ करायची यंत्रणा आहे, पण तिच्यातला गाळणीचा कोळसा बदलायला झालाय आणि वरून कुणी पाठवत नाही, म्हणे. मी म्हटलं, "भाऊ, आमच्या नर्सरीतसुद्धा सगळं असंच चालतं. मागितल्याशिवाय कोण देतंय." दोघं हसलो.

२ मे

तळं हिरवं झालं. शेवाळाचे धागे दिसत नाहीत, कुणीतरी रंगाचा पिंप उपडा केल्यासारखी साय आली आहे. पहिल्या दिवशी लोकांनी फोटो काढले. साहेब गमतीने म्हणाले, "तुमचं लॉन पाण्यातही उतरलं की!"

ह्यांना दाखवायला नेलं. माणूस आयुष्यभर रंगात बोटं बुडवून बसलेला, पण या रंगापाशी वाकला आणि लगेच मागे सरला. मग म्हणाला, "हा हिरवा बरा नाही गं."

"बरा नाही म्हणजे?"

"माहीत नाही. बघवत नाही."

परत येताना टेम्पोत त्यांनी विचारलं, "गवताला खत कधी टाकलंस?" म्हटलं, "परवाच. का?" म्हणाले, "सहज."

६ मे

काठाला मेलेले मासे. वासाने बाकांवर कुणी बसेना. साहेबांचं तोंड उतरलेलं, पुढच्या आठवड्यात उद्घाटन आहे. मला म्हणाले, "बाई, काहीतरी सुचवा."

नर्सरीतल्या टाक्या हिरव्या झाल्या की मी मोरचूद टाकते, ते निळे खडे, दोन दिवसांत टाकी आरशासारखी. तसं सांगितलं. साहेबांचे डोळे चमकले. "एवढं सोपं?" लगेच फोन लावला. उद्या बोटीतून टाकणार आहेत.

९ मे

तळं निवळलं! तळाचे दगड दिसतात. साहेबांनी चारचौघांत सांगितलं की ही आयडिया यांची. मला कुठे बघावं कळेना.

घरी येऊन ह्यांना सांगितलं तर त्यांनी टाळ्या वाजवल्या. पण मग म्हणाले, "एवढं सगळं हिरवं होतं, ते गेलं कुठे?"

"मेलं."

"ते झालंच. मेलं, पण गेलं कुठे?"

म्हटलं, तुम्ही आता औषध घ्या.

११ मे

आज सेंटरमध्ये विचित्र झालं. मशीन सुरू होऊन तास झाला असेल नसेल, ह्यांचं डोकं ठणकायला लागलं. शेजारच्या खाटेवर मास्तर असतात, निवृत्त, गणिताचे. त्यांना उलटी. पलीकडे पोस्टातल्या बाई, त्यांनाही. सिस्टर इकडून तिकडे पळत होत्या. डॉक्टर म्हणाले, उकाडा आहे, रक्तदाब उतरला असेल.

सगळ्यांचा एकदम?

मनात पाल चुकचुकली खरी. पण घरी येऊन हे झोपले शांत.

१३ मे

परत तेच, आणि जास्त. हे म्हणाले, "सिस्टर, दिवे गेले का?" दिवे चालू होते. भर दुपार, खिडकीतून ऊन येत होतं. मी त्यांच्या तोंडासमोर हात हलवला, तर म्हणाले, "दिसतोय गं, पण पाण्याखालून दिसावा तसा."

मास्तर खाटेवर वेडेवाकडे झाले. त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं. जाताना त्यांच्या बायकोने माझा दंड एवढा घट्ट धरला की अजून बोटं उमटलेली आहेत.

१४ मे

मास्तर गेले.

ह्यांना सांगायचं नाही असं ठरवलं होतं. त्यांनी विचारलं, "मास्तर गेले ना?" मी चादर सरळ करत राहिले. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

१५ मे

सकाळी ह्यांचे डोळे बघितले. पिवळे. लिंबासारखे पिवळे. मी पडदा ओढला, पुन्हा उघडला, वाटलं उजेडाचा दोष असेल. नाही.

आज डायलिसिसचा वार. मी गाडी काढलीच नाही. आधी तडक सेंटरवर गेले आणि मशीनवाल्या भाऊंना धरलं. काय काय बोलले आता आठवतही नाही. खुनी म्हटलं, एवढं आठवतं. ते ऐकून घेत होते, मग म्हणाले, "वहिनी, मशीन मी रोज धुतो, औषधं तीच, सुया त्याच. नवीन काही झालेलं नाही. फक्त येणारं पाणी..." आणि थांबले.

"पाण्याला काय झालं? पाणी तर कधी नव्हे एवढं स्वच्छ आहे."

"तेच तर," ते म्हणाले.

पोस्टातल्या बाई काल दुपारी गेल्या. हे मला तिथेच कळलं. सगळ्यांच्या खाटा रिकाम्या होत्या, कुणीच आलं नव्हतं. भीतीला निरोप धाडावा लागत नाही.

१६ मे

मशीनवर घातलं तर मास्तरांसारखं होईल. नाही घातलं तर आतलं विष साठत जाईल. ह्यांची पावलं सुजली आहेत, बोट दाबलं की खड्डा तसाच राहतो. उताणं झोपता येत नाही, बसून श्वास घेतात. घरात दुसरा आवाज नाही, फक्त तो श्वास. मी स्वयंपाकघरात जाऊन कानावर हात ठेवते, मग घाबरून परत येते, थांबला तर नाही ना म्हणून.

लेकीला फोन केला. ती मोठ्या शहरात बँकेत आहे, टेम्पोने पाच तासांचा रस्ता. ती म्हणाली, "आई, रडू नको, मी इथे विचारते." आणि स्वतःच रडायला लागली.

१७ मे, सकाळ

डॉक्टर घरी आले. आपणहून. दोन रात्री झोपले नसावेत, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. त्यांनी कुठल्याशा मित्राला विचारलं होतं. म्हणाले, "तळ्यात जी हिरवी साय होती ती साधं शेवाळ नव्हतं. त्या बारीक जीवांच्या पोटात विष असतं. जिवंत असेपर्यंत बरंचसं आत राहतं. मारले की फुटतात, आणि सगळं एकदम पाण्यात. पाणी दिसायला स्वच्छ होतं."

मी विचारलं, "उकळून?"

"उकळूनही जात नाही. चांगल्या कोळशाने बरंचसं अडलं असतं, पण तो संपला होता. आणि ताई, पिणाऱ्याच्या पोटात घोटभर जातं. इथे एका वेळेला पिंपभर पाणी रक्ताला खेटून वाहतं, मध्ये फक्त एक पातळ पडदा."

म्हटलं, "मोरचूद मी सुचवला होता."

डॉक्टर चुकलेलं बटण काढून पुन्हा लावायला लागले. हे उशीला टेकून बसले होते. धापा टाकत म्हणाले, "डॉक्टर, हिची... टाकी अशीच साफ होते. हिला काय ठाऊक." मला वाचवायला त्यांनी केवढा श्वास खर्च केला.

लेकीचा फोन आला. त्या शहरात एक सेंटर तयार आहे, सगळ्यांना घेऊ म्हणाले, पण आजच आणा. इथे दवाखान्याची गाडी एकच, तीही मास्तरांसारख्याच कुणालातरी घेऊन गेलेली.

डॉक्टर म्हणाले, "अजून सहा-सात जण आहेत, घरोघरी पडलेले."

माझा झाडांचा टेम्पो दारात उभा होता.

१७ मे, संध्याकाळ

स्टिअरिंग धरून बोटं आखडली आहेत, अक्षर वाईट येणार.

गाद्या टाकल्या, वर सावलीला नर्सरीतलं शेडनेट बांधलं. मशीनवाले भाऊ न बोलावता आले आणि पेशंटना उचलून चढवायला लागले. परवा मी त्यांना काय म्हटलं होतं, त्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. दोघांच्या घरच्यांनी दारच उघडलं नाही. एक सासरेबुवा खिडकीतून म्हणाले, "तुमच्या सेंटरने आधी मारलं, आता कुठे नेता?" बाकीचे पाच आले, त्यांच्याबरोबर मागे डॉक्टर आणि भाऊ. हे पुढे माझ्याशेजारी, झोपताच येत नव्हतं म्हणून.

रस्ताभर ऊन असं की डांबर चिकटत होतं. वरच्या टेकड्यांवर पूर्वी झाडी होती, तिथे आता प्लॉटचे दगड रोवलेत. सावलीला थांबायचं म्हटलं तर झाड नाही. मागून कुणीतरी पाणी मागितलं, डॉक्टर म्हणाले, ओठ ओले करा फक्त. हे मध्येच बोलेनासे झाले. मी एका हाताने त्यांचं मनगट धरलं आणि एका हाताने गाडी चालवत होते.

"अहो."

उत्तर नाही.

"अहो, बोला काहीतरी. शिव्या द्या."

बऱ्याच वेळाने आवाज आला, "गिअर... चुकीचा आहे."

रडत रडत हसले मी.

शहराच्या अलीकडे भाऊंनी मागून पत्रा वाजवला. गाडी थांबवली. पाचांपैकी एका, शिवणकाम करणाऱ्या आजोबांचा श्वास बंद झाला होता. डॉक्टरांनी छाती दाबली, खूप वेळ दाबली. त्यांची सून रस्त्याच्या कडेला उकिडवी बसली. मग डॉक्टरच म्हणाले, "चला. बाकीचे आहेत." तीही मुकाट्याने चढली, आणि उरलेला रस्ता सासऱ्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

लेक फाटकात उभी होती. ह्यांना मशीनवर घेतलं. नळीत रक्त चढायला लागलं तेव्हा मी तिथल्या सिस्टरला विचारलं, "पाणी कुठलं?" तिने सांगितलं. मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर तिने मला बाहेर बसवलं.

१८ मे

श्वास मोकळा झाला. डोळे पिवळेच.

२४ मे

लिव्हरला मार बसला आहे, सुधारेल किंवा नाही. दृष्टी किती येईल सांगता येत नाही. टेम्पोतून आणलेल्यांपैकी अजून एक जण काल गेले. मला आता कुणाच्याही फोनची भीती वाटते.

२० जून

गावात येऊन चौकशीला उभी राहिले. मी सगळं सांगितलं. लव्हाळी काढली, नाला सरळ केला, खत टाकलं, मोरचूद सुचवला. अधिकारी चांगला माणूस होता, चहा मागवला. म्हणाला, "बाई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. सेंटरचा कोळसा बदलला नव्हता, कारण तेच. गवताचा यात काय संबंध?"

भाऊंना कामावरून काढलं.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. घरी येऊन नळ सोडला आणि पाणी नुसतं बघत बसले. भांडं पुढे करवेना.

९ जुलै

हे घरी आले. सेंटर परत सुरू झालं. नवीन यंत्रणा, नवीन कोळसा, टँकर लांबच्या विहिरीवरून. तरी पहिल्या दिवशी ह्यांचा हात मशीनजवळ नेताना काटा आला. त्यांनाही आला, मी बघितला. दिसत त्यांना फक्त आकार आणि उजेड.

अंगणात बसून त्यांनी विचारलं, "तळं कसं आहे?"

"भरतंय थोडं थोडं."

"ते नाही विचारलं. नाल्याचं पाणी अजून सरळच पडतं?"

"हो."

"आणि ऊन?"

पावसाचे दिवस असून ऊन कडक आहे, मला सांगावं लागलं नाही, त्यांच्या कपाळावर घाम होता. म्हणाले, "म्हणजे परत हिरवं होणार."

मी म्हटलं, नका हो असं बोलू.

"मी बोललो नाही म्हणून थांबणार आहे का ते?"

१६ जुलै

साहेबांचा फोन. समोरच्या काठाचं काम मंजूर झालं. तिथे अजून लव्हाळी शिल्लक आहेत, वरच्या प्लॉटांचं पाणी त्यांच्यातूनच तळ्यात येतं. "तुमचा हात बसलेला आहे, तुम्हीच घ्या." मी नाही म्हटलं. काढू नका म्हटलं, हात जोडले, फोनवर दिसत नाहीत तरी जोडले. म्हणाले, "बाई, तुमच्यावर प्रसंग आला, मी समजू शकतो." आणि काम दुसऱ्याला दिलं.

२१ जुलै

गेले होते समोरच्या काठावर. एक नवराबायको आहेत, तरुण, नुकतीच नर्सरी काढलेली. ती मापं घेत होती, तो दोरी धरून उभा. अशी खुशीत होती ती, की मला तोंड उघडवेना.

मग सांगितलं. मास्तर, पोस्टातल्या बाई, आजोबा, सगळं. प्लॉटांच्या पाण्याची काळी बाजू आणि तळ्याची स्वच्छ बाजू दाखवायला तिला लव्हाळ्यांत नेलं, साडी चिखलाने भरली. तिने ऐकून घेतलं. नवरा मात्र मध्येच म्हणाला, "मावशी, काम आमच्याकडे आलं म्हणून वाईट वाटणं साहजिक आहे."

ती त्याला म्हणाली, "गप रे." पण मापं घ्यायची थांबली नाही. जेसीबी परवा येणार आहे.

घरी आले. ह्यांनी पावलं ओळखली.

"ऐकलं का त्यांनी?"

"नाही. त्यांना वाटतं मी जळते."

त्यांनी चाचपत माझ्या पदरावरचा चिखल बोटांनी खरवडला. मग म्हणाले, "उद्या मला घेऊन चल."

"तुम्हाला? चिखल आहे तिथे, उभं राहवत नाही तुम्हाला."

"नाही उभा राहणार. खुर्ची ठेव. त्यांना माझे डोळे बघू देत."

मी नाही म्हणणार होते. त्यांना ताप आला तर, पाय घसरला तर, रस्त्यात श्वास लागला तर. गेल्या दोन महिन्यांत मी एवढंच शिकले आहे, पुढचं सगळं आधीच बघायचं आणि भ्यायचं. पण एक भीती या सगळ्यांहून मोठी आहे. ती बाई त्यांच्या पिवळ्या डोळ्यांत बघेल, तिला वाईट वाटेल, चहासुद्धा विचारेल, आणि परवा जेसीबी येईलच.

खुर्ची टेम्पोत टाकून आले आहे. सकाळी ऊन चढायच्या आत निघू.